झाडून काढलेली गिरणी

जुनी इमारत दिसली की साहेब आधी तिच्या भिंतीवर थाप मारायचे. बाजारात म्हैस घेताना पाठीवर मारतात ना, अगदी तशी. आणि खूश होऊन म्हणायचे, “दमदार हाय की!” त्या काळी कोल्हापुरात फिरला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढरा मनिला शर्ट, करकरत्या चपला आणि तळहाताला कायम चुना.

ते आर्किटेक्ट, मी त्यांच्याकडे ड्राफ्ट्समन. सत्तरच्या दशकात जो तो जुनं पाडून सिमेंटचं बांधायच्या मागं लागलेला. साहेबांचा जीव मात्र गावाच्या कडेच्या बंद सूतगिरणीत अडकला होता. गिरणी, गोदामं, कामगारांची चाळ, सगळा भागच ओस पडत चालला होता. घाणेरी आणि बाभळी पार पत्र्याला टेकल्या होत्या.

साहेबांनी त्या भागाचा नकाशा काढला. सूतखात्यात चपला करणाऱ्यांचे गाळे, कापसाच्या गोदामात तालीम, धुराड्याखाली संध्याकाळी बसायला पार. रस्तेसुद्धा जुन्या गाडीवाटेनंच. एक भिंत म्हणून पाडायची नाही!

“साहेब, मग यात नवं काय?” मी विचारलं.

“माणसं येतील की लेका परत!”

मालक राहायचे मुंबईला. विकायची की साहेबांचं ऐकायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. दरवेळी ‘बघू’ एवढंच उत्तर यायचं. साहेब म्हणायचे, “बघितल्याबिगर जीव लागत न्हाय. एकदा हितं आणाय पायजे त्यास्नी.”

तोड काढली दस्तगीरमामांनी. मामा गिरणीतले जुने फिटर, अजून चाळीतच राहणारे. “खंडेनवमीला बोलवा की. मशीनची पूजा आमी कवा चुकवली न्हाय. नारळ मालकाच्याच हातानं फुटायचा.”

झालं! चाळीतली माणसं कोयते घेऊन उतरली, बायकांनी खराटे घेतले. साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः घाणेरी ओढत होते. ऑफिसातली कामं पडलीत म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाले, “पडू देत. हात लाव.”

खंडेनवमीला मालक आले. गंजलेल्या मशीनला झेंडूच्या माळा, मामांनी तेलपाणी केलेलं. नारळ फोडताना मालकांचे डोळे खरंच भरून आले होते. मग ते बाहेर अंगणात आले, गोल फिरून चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाले, “अहो, झाडीत कळतच नव्हतं. केवढी जागा आहे ही!”

साहेब माझ्या कानाशी आले. “जीव लागला बघ.”

दिवाळी झाली आणि त्या लख्ख अंगणात फक्कीच्या रेघा पडल्या. मालकांनी विकायला प्लॉट पाडले होते.

भिंती पाडताना आम्ही गेलो होतो. घणावर घण बसत होते आणि ती बया हलायला तयार नव्हती. साहेब सवयीनं पुढं झाले, हात उचलला आणि तसाच खिशात घातला. मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, “आपुनच झाडून दिली की ओ, सायेब.”

मामांच्या मनात काही नव्हतं. पण ते बोलणं साहेबांना लागलं ते लागलंच. मला अजून राग येतो. पाहुणा बोलवायचा तर माणूस अंगण झाडणारच ना! त्यात त्यांचं काय चुकलं, सांगा मला.

त्यानंतर कुठल्याही भिंतीवर त्यांची थाप ऐकली नाही. ऑफिसात मी फडकं घेतलं की हात धरायचे. “राहू दे रे धूळ. झाडलं की लोकांच्या डोळ्यात भरतंय.” सुरुवातीला मला हसू यायचं. पुढं पुढं येईना.

साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. गिरणीच्या जागी बंगले आहेत, चांगले आहेत. खंडेनवमीला मी अजून नकाशे काढायच्या टी-स्क्वेअरला हळदकुंकू वाहतो, सगळं ऑफिस पुसून घेतो. त्यांच्या टेबलाशी आलो की फडकं खाली ठेवतो.