जाऊबाईंची मशीन

जाऊबाई कोणतीही गोळी तोंडात टाकण्याआधी स्टीलच्या ताटलीत टाकून पाहत आणि कान खाली नेऊन तिचा आवाज ऐकत. टण् वाजली तर चांगली, थप् वाजली तर वाया गेलेली. दवाखान्यातून आणलेली रक्तदाबाची गोळीही या परीक्षेतून सुटली नाही. कंपाउंडरला त्यांनी परत जाऊन सांगितलं, "ढिली दाबली हाय ही. कंपनीले सांगजा." तो बिचारा हो म्हणाला. त्यांच्यापुढे सगळे हो म्हणत, आणि तेच माझ्या डोळ्यात खुपायचं.

सुमन ही माझी थोरली जाऊ. माहेर अमडापूर, अंगाने दणकट, आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल असा. खामगावात आमच्या घरचा पाचक गोळ्यांचा धंदा आहे. सुंठ, ओवा, हिंग, सैंधव कुटून गूळपाण्यात मळायचं आणि चटईवर बसून गोळ्या वळायच्या. घरात त्या मीच सगळ्यांत सुबक वळत असे. माझी प्रत्येक गोळी सारखी. सासरे, म्हणजे मामाजी, दुकानदाराला डबा उघडून दाखवताना म्हणत, "ह्या सुनंदाच्या हातच्या." जाऊबाईंच्या गोळ्या चपट्या, वेड्यावाकड्या व्हायच्या. त्या घरात माझं जे काही होतं, ते एवढंच होतं.

आणि अकोल्याला बंद पडलेल्या एका औषधाच्या कारखान्यातून मामाजींनी गोळ्या दाबायची जुनी मशीन आणली. मधोमध एक गोल तबक, त्यात ओळीने साचे, प्रत्येक साच्याला वर एक दांडा आणि खाली एक दांडा. तबक फिरलं की साच्यात भुकटी पडते, पुढे गेली की दाबली जाते, आणि आणखी पुढे गोळी होऊन वर येते. म्हणजे यायला हवी. आमची मशीन गंजून एकजीव झाली होती. विकणाऱ्याने कबूल केलेला फिटर काही फिरकला नाही. मामाजी वैतागले. "दिवाळीपर्यंत चालली तं ठीक, नाई तं भंगारात," त्यांनी सांगून टाकलं. मी मनातल्या मनात भंगारवाल्याची वाट पाहू लागले. मशीन चालली तर माझी चटई गुंडाळली जाणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

जाऊबाईंनी पदर खोचला. मोबाइलवर कुठले कुठले हिंदी व्हिडिओ पाहून त्यांनी मशीन खोलली, एकेक दांडा रॉकेलच्या घमेल्यात भिजवला, दात घासायच्या ब्रशने साचे घासले. अंगाला रॉकेलचा वास, नखं काळी, आणि तोरा असा की जणू विमानच बांधतायत. "मोटर लावाची घाई नाई कराची. आधी हातानं फिरवून पाहाची. हाताले जड लागली तं समजाचं, तिच्या पोटात काही अडकून हाय," हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. शेजारणी चहा सोडून ऐकत बसत. माझ्या गोळ्या पाहायला कधी कोणी बसलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी अवजारं पूजेला मांडतात. एकदा पूजा झाली की दसरा होईस्तोवर त्यांना हात लावायचा नाही. जाऊबाईंनी हाताने हलकी फिरू लागलेल्या चकचकीत मशीनला हार घातला, प्रत्येक दांड्याला हळदकुंकू लावलं आणि हौसेने तबकाच्या कडेवरच नारळ फोडला. पाणी सगळीकडे उडालं. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मग नेमाप्रमाणे कोणी तिला शिवलं नाही. दसरा उलटल्यावर जाऊबाईंनी हातचाक धरलं तर ते जागचं हलेना. नारळाचं गोड पाणी आणि कुंकू साच्यांत वाळून दांडे घट्ट बसले होते, वर नवा गंज. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

त्या मात्र रडल्या नाहीत. "देवाचंच पाणी हाय, देवच काढीन," म्हणत त्यांनी सगळी मशीन पुन्हा खोलली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा ती फिरू लागली, पण गोळ्यांचं वजन सारखं येईना. मधूनच एक हलकी पडायची आणि टिचकीने फुटायची. कोणता दांडा दगा देतो ते त्यांना सापडेना. शेवटी भरल्या घरात त्यांनी हाक मारली, "सुनंदा, ये वो इकडं. तुह्या हाताले वजन समजते."

मी गेले. त्या हाकेची मी किती वाट पाहत होते ते तिथे गेल्यावर मला कळलं. त्यांनी हातचाक सावकाश फिरवलं, मी एकेक गोळी उचलून तळहातावर तोलली. हलकी लागली तशी म्हटलं, "थांबा." त्या साच्याखालचा दांडा वाकून अडकत होता, पुरता खाली जात नसल्याने भुकटी कमी पडत होती. मशीनसोबत आलेल्या सुट्या भागांच्या पेटीतला दुसरा बसवला. पुढच्या फेऱ्यात सगळ्या गोळ्या सारख्या आल्या, अगदी माझ्या हातच्या असाव्यात तशा.

मामाजींनी ओंजळभर गोळ्या उचलल्या. "सुमननं मशीन जिवंत केली," ते म्हणाले. जाऊबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि माझं नाव घेतलं नाही. जळगाव जामोदचा दुकानदार आला, त्यालाही "माही मशीन" म्हणूनच दाखवली. माझ्या अंगाची आग आग झाली.

पुढे एकदा मी तोंडावर विचारलंच, "काऊन वो जाऊबाई, तो दांडा कोणं शोधला?"

"तूनंच शोधला," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुह्यं नाव घेतलं असतं तं तू सुखानं आपल्या खोलीत जाऊन बसली असती. आता कशी दारात उभी राहून टपून राह्यतं, कधी हिची चूक होते म्हणून. तू पाहून राह्यतं म्हणून मी नीट चालवून राह्यली."

मी रोज दारात उभी राहायचे हे खरंच होतं.

या उन्हाळ्यात जाऊबाई गेल्या. सकाळी छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. मशीन आता मी चालवते. त्यांची सून अश्विनी घरात असते, शिकलेली, गोड मुलगी. तिच्यासमोर मी मुद्दाम हातचाक फिरवते, उगाच नाक वर करून बोलते, माझी मशीन म्हणते. ती मोबाइलवरून नजर काढून हसते. "तुमालेच जमते काकू, मले नाई बा," म्हणते आणि आत निघून जाते. दारात कोणी नसतं. जाऊबाईंना मी मिळाले होते. त्यांच्या या नशिबाचाही मला हेवा वाटतो.