नीलच्या पाण्यात आई

या अंदमान सहलीत मला एकच गोष्ट करायची होती: आईला समुद्रात न्यायचं. पंचवीस वर्षांपूर्वी बाबांच्या एलटीसीवर आम्ही चौघं नील बेटावर गेलो होतो. बाबा, दादा आणि मी दिवसभर पाण्यात; आई काठावर, साडी सावरत, बॅगा सांभाळत. तेव्हापासून ‘आई पाण्याला घाबरते’ हा आमच्या घरचा हुकमी विनोद. बाबा गेल्यावर मात्र जुन्या अल्बममधली काठावरची ती एकटी आई मला बघवेना.

डोंबिवलीहून आईला घेऊन निघाले आणि शीळफाट्यालाच पाऊण तास अडकलो. विमान सकाळचं असलं तरी दोन तास जास्तीचे धराच. पोर्ट ब्लेअरला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी बोटीने नील. सरकारी बोट स्वस्त, पण तिकिटं भराभर संपतात, आधी काढून ठेवा. आईने मेतकूट आणि दशम्या घेतल्या होत्या. त्या तशाच राहिल्या, कारण धक्क्याजवळच्या खानावळीत मासळीची थाळी झकास मिळाली.

भरतपूरचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी खूप आत जातं, म्हणून भरतीची वेळ विचारूनच जा. पाण्याचा रंग हिरव्या काचेच्या बांगडीचा, मागे केवड्याची बनं. आई बराच वेळ बघत उभी राहिली.

“इथेच कुठेतरी बसले होते मी. तुझे बाबा तिथून हात करत होते.”

मी ट्यूब भाड्याने आणली. “अगं आई, गुडघ्यापर्यंतच जाऊ. मी हात धरते.”

तिने चष्मा माझ्या हातात दिला, ओढणी कमरेला खोचली आणि सरळ कमरेभर पाण्यात जाऊन मान मागे टाकून तरंगायला लागली. मी ट्यूब धरून काठावर!

“आई, भीती नाही वाटत?”

“कसली भीती? लग्नाआधी नदीत पोहायचे की मी.”

“मग तेव्हा का नाही आलीस?”

“तेव्हा माझी अडचण होती गं. नेमकी त्याच सकाळी आली. बाबांनी रजा साठवून तुम्हाला एवढ्या लांब आणलेलं, विरस कशाला करायचा? म्हटलं, बॅगा बघते.”

“आणि आम्ही इतकी वर्षं हसलो, तेव्हा तरी बोलायचंस!”

“भर जेवणात, दादासमोर? आणि तुम्ही हसत होतात, बरं वाटायचं.”

मला रडूच आलं. ते लपवायला मीही पाण्यात शिरले. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघी बाहेर आलो नाही.

बेटावर दोन दिवस पुरतात, आम्ही चार राहिलो. आई रोज पोहली.

ठाण्यात वर्तकनगरला माझ्या घरी परतल्यावर दादाला फोटो पाठवले. लगेच त्याचा फोन. “अरे वा, आईची भीती घालवलीस तू!”

“तिला भीती नव्हतीच रे,” मी म्हटलं. “आपण कधी विचारलंच नाही.”