अंबादासकाकांचा बंद केलेला प्रश्न

अंबादासकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसले होते. फोन ढाणकीहून, माझ्या चुलतभावाचा. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकले आणि तसेच गेले... एवढंच तो म्हणाला. असं काही कळलं की माणूस घरच्यांना फोन लावतो, निदान डोळे पुसतो. मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण हे लिहायला बसले आहे तेच त्यासाठी. मी समोरच्या कॉम्प्युटरवर तांत्रिक मदतीचा एक मराठी फोरम उघडला आणि काकांनी तिथे विचारलेला प्रश्न अजून आहे का ते पाहिलं. होता. त्यावर लाल पट्टी होती, ‘हा प्रश्न बंद करण्यात आला आहे’, आणि पट्टीखाली बंद करणाऱ्याचं नाव होतं, ध्रुव.

तो ध्रुव म्हणजे मीच, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठेतरी हळूच सांगून वाचकांची सहानुभूती मिळवण्याइतकी मी चांगली वागलेली नाही.

काका आमचे ढाणकीचे शेजारी, माझ्या बाबांचे दोस्त. उमरखेड तालुक्यातल्या कितीतरी गावांतली लग्नं त्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन काढली. दुसरे व्हिडिओवाले नवरा-नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडायचे, चंद्रात त्यांचे चेहरे बसवायचे. काकांच्या कॅसेटमध्ये पुऱ्या लाटणाऱ्या बाया असायच्या, पंगतीत मीठ वाढणारा मामा असायचा, आणि मांडवाच्या खांबाला टेकून, हातांचं काय करावं ते न कळून उभा राहिलेला नवरीचा बाप असायचा. लोक चिडवायचे, काका, तुमच्या कॅसेटीत इफेक्ट नाही काही. काका म्हणायचे, नवरदेव तर कोणीही काढील. प्रत्येक लग्नाची मूळ टेप ते स्वतःजवळ जपून ठेवायचे आणि तिच्यावर फक्त नवरीचं नाव लिहायचे, कारण नवरदेवाचं नाव बाकी सगळीकडे लिहिलेलं असतंच. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी मला रडू आवरेना, तर त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. “आधी रडून घे बाई, मंग काढतो,” म्हणाले आणि खरंच थांबले. वऱ्हाडाची बस हॉर्न वाजवत राहिली.

मग हातोहाती मोबाइल आले आणि काकांचं काम बसलं. पण लोक त्यांना शोधत यायला लागले ते वेगळ्याच कारणानं. कोणाची आई गेली, कोणाचा भाऊ गेला, आणि ते माणूस हलतं-बोलतं फक्त काकांच्या टेपवर उरलेलं. काकांनी मनावर घेतलं की सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून ज्याच्या त्याला देऊन टाकायच्या. जुना लॅपटॉप घेतला आणि साठीनंतर शिकायला लागले. प्रत्येक अडचणीला मला फोन. कधी मी वर्गात असायची, कधी स्वयंपाकात. शेवटी कंटाळून मीच त्यांना त्या फोरमचा पत्ता दिला. तिथे फार हुशार लोक आहेत काका, तिथेच विचारत जा, असं सांगितलं. त्या हुशार लोकांत मी आहे आणि कोणता प्रश्न ठेवायचा, कोणता बंद करायचा हे ठरवणाऱ्या चौघांत आहे, हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फोन पुन्हा सुरू झाले असते.

ध्रुव या नावाचंही सांगायला हवं. सुरुवातीला मी तिथे स्वतःच्या नावानं लिहायची, तर मी वर्गात शिकवते तेच मला समजावून सांगायला लोक यायचे. पुरुषाचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे ‘सर’ म्हणायला लागले. त्या ‘सर’ची मला चटक लागली. आमच्या कॉलेजात मला एवढं कोणी विचारत नाही.

काकांचा प्रश्न आला तो गेल्या वर्षी. ‘सर्व जाणकारांना नमस्कार. मी अंबादास, मु. पो. ढाणकी, लग्नाचे व्हिडिओ काढत होतो.’ पहिल्याच ओळीत मी ओळखलं आणि मला हसू आलं. पुढे त्यांनी जुन्या टेपचं रिझोल्यूशन लिहिलं होतं, ७२० बाय ५७६ ठिपके. तो आकडा दिसला आणि मी वाचायची थांबले. जुनी टेप, लहान आकडा, म्हणजे चित्र मोठं आणि स्वच्छ करून हवं असणार. असे प्रश्न आठवड्याला दोन येतात आणि त्यांचं उत्तर तिथे आधीच आहे, की टेपवर नाही ते कॉम्प्युटर आणू शकत नाही. मी ‘हा प्रश्न आधी विचारला गेला आहे’ असा शेरा मारून तो बंद केला. मिनिटभरसुद्धा लागलं नसेल.

दोन दिवसांनी त्यांनी हरकत घेतली. फार अदबीनं. साहेब, आपण दिलेलं उत्तर वाचलं, पण माझा प्रश्न चित्र मोठं करायचा नाही. आहे तेवढंच चालेल, पण खरं दिसलं पाहिजे. हळदीच्या परातीचा एक शॉट मी खुर्चीवर उभं राहून बरोबर वरून घेतला होता. कॉम्प्युटरवर ती परात गोल दिसत नाही. फूटपट्टीनं मोजली, उंची सोळा सेंटीमीटर आणि रुंदी पंधरा. परात आमच्याच घरची आहे, तीही मोजून पाहिली, ती गोल आहे. याचा खुलासा व्हावा... मी उत्तर दिलं की एवढा फरक स्क्रीनमुळे पडू शकतो. त्यांनी दुसऱ्या स्क्रीनवर मोजून पुन्हा लिहिलं. मी त्यांना तोच मुद्दा परत मांडल्यास खात्यावर बंधनं येतील अशी ताकीद दिली. त्यांनी नियमाप्रमाणे बाकीच्या तिघांकडे दाद मागितली. त्या तिघांनी माझं मत विचारलं आणि मी प्रश्नाखालीच, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘प्रश्नकर्त्याला मूलभूत माहिती नाही.’ प्रश्न बंदच राहिला. खेड्यातल्या माणसाचा एका सेंटीमीटरसाठी चाललेला हट्ट, असं मी त्याच्याकडे पाहत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, मी करत होते ते.

संक्रांतीला मी ढाणकीला गेले होते. काकांच्या घरी निर्मलाकाकूंनी वाण दिलं आणि जेवायलाच बसवून घेतलं. पातोडीची भाजी केली होती, मला आवडते म्हणून. जेवता जेवता काकांनी फोन काढला आणि मूलभूत माहिती नसल्याचं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. रागानं नाही. शाळेतला मुलगा गुरुजींचा शेरा घरी दाखवतो तसं.

“ध्रुव साहेब लय हुशार माणूस आहे, मी सारं वाचतो त्यायचं,” ते म्हणाले. “म्हणजे मलेच काहीतरी समजून नाही राह्यलं. तू शिकवतं ना हे सारं? सांग बरं मले, मी कुठं चुकून राह्यलो?”

तेव्हा सांगता आलं असतं. हसून सांगितलं असतं तरी काका हसले असते, काकूंना हाक मारून म्हणाले असते, अवं, साहेब तर आपल्या घरीच जेवून राह्यले. पण मी त्या वेळी ध्रुवची अब्रू सांभाळत होते.

“बरोबरच म्हणते ते, काका,” मी म्हटलं. “द्या ना तशाच उतरवून. कोणाले समजते?”

काकांनी फोन खिशात ठेवला. कॅमेऱ्यातलं टेप वाचणारं हेड झिजत आलंय, म्हणाले, एकेक टेप एकदाच चालवता येईल, म्हणून नीट कळेपर्यंत हात लावत नाही. “लोकायच्या घरचे माणसं आहेत थे. कोणाचा बाप मी बारीक करून देऊ का?” मग मला आणखी भाजी वाढायला सांगितली. मी ती खाल्लीसुद्धा.

काका गेले त्या दिवशी, लॅबमध्ये, मी तो प्रश्न पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. सगळं त्यात पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं. परात, सोळा, पंधरा, सगळं. हरकतीत त्यांनी नवीन काहीच सांगितलं नव्हतं, मी वाचलं नव्हतं तेच परत सांगितलं होतं. उत्तर शोधायला मला वीस मिनिटं लागली. त्या टेपांवरच्या चित्राचा प्रत्येक ठिपका चौरस नसतोच, उंचीपेक्षा जरासा रुंद असतो. कॉम्प्युटर त्याला चौरस धरतो आणि सगळं चित्र दोन्ही बाजूंनी दाबतो. किती दाबतो, तर सोळाचे पंधरा. काकांनी फूटपट्टीनं काढलेला आकडा पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता. एक सेटिंग बदललं की चित्र ७२० ऐवजी ७६८ रुंद दिसतं आणि परात गोल होते. मूलभूत माहिती नव्हती ती मला. आणि त्या माहितीसाठी एक माणूस टेपांना हात न लावता वर्षभर थांबला होता.

तेरवीला गेले तेव्हा काकूंना सांगायचं ठरवून गेले होते, पण घर माणसांनी भरलेलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. परत येऊन दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रश्न पुन्हा उघडला, बंद करण्यात माझी चूक झाली असं लिहिलं आणि खाली पूर्ण उत्तर दिलं. मेलेल्या माणसाची क्षमा मागणं सोपं असतं, तो काही विचारत नाही. कॉम्प्युटर बंद करते न करते तोच काकूंचा फोन आला. काकांचा मोबाइल त्या रोज चार्ज करतात, अजून कोणी कोणी त्यांना फोन करतं म्हणून.

“वैशाली, यायच्या फोनवर काहीतरी आलं आहे. ‘तुमचा प्रश्न पुन्हा उघडण्यात आला आहे.’ थ्या ध्रुव साहेबाचं आहे. आता काहून उघडला असंल वं त्यानं?”

“काकू, थो ध्रुव मीच होय.”

 

“म्हणजे संक्रांतीले तू इथं जेवाले बसली होती, तवाही तूच होती?”

मी हो म्हटलं.

“अन् हे तुलेच विचारून राह्यले होते,” काकू म्हणाल्या. त्यांनी मला रागावायला हवं होतं. पीठ आणायला गिरणीवर जायचं आहे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

टेपा उतरवून द्यायला मी रविवारी येत जाऊ का, असं नंतर दोनदा विचारलं. पाहू, म्हणाल्या. हा लेख छापायला देण्याआधी त्यांना फोनवर सगळा वाचून दाखवला. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, परातीचं बरोबर लिहिलं तू.

त्या फोरमवर प्रत्येक उत्तराखाली एक ओळ येते, ‘या उत्तरानं तुमची अडचण सुटली का?’ पुढे हो आणि नाही अशी दोन बटणं असतात. ती फक्त प्रश्न विचारणाऱ्यालाच दाबता येतात, आम्हा चौघांनाही नाही. काकांच्या नावापुढे हल्ली रोज ‘शेवटची भेट: आज’ असं दिसतं. काकांच्या फोनवरून काकू येतात, उत्तर उघडतात, आणि दोन्हींपैकी काहीच न दाबता जातात.