कंदुरीचं जेवण मोजलं नव्हतं

"काका, तुमचं एलडीएल फार वाढलंय," हिंगोलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं. एलडीएल म्हणजे रक्तातली वाईट चरबी. पाइपात गाळ साचावा तशी ती रक्तवाहिन्यांत साचते. जिना चढताना छाती भरून का येते, ते कळलं.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. "मटण, अंडी, तूप बंद. भाकरी, डाळी, पालेभाज्या, फळं खा. गोळी आणि ताट, दोन्ही मिळून हृदयविकाराचा धोका कमी करतात. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर अँजिओग्राफी करू." अँजिओग्राफी म्हणजे नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासणं. नळी ऐकून मी सगळ्याला मान डोलावली.

सोबत सून रेखा होती. तिनं सगळं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मोडाची मटकी, जवसाची चटणी. तेल चमच्यानं. जेवण चवदार होतं, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

पण उन्हाळा होता, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात कंदुऱ्या असतात. दर्ग्याला बोललेला नवस फेडताना सगळ्या गावाला मटणाचं जेवण देतात, ती कंदुरी. मी एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे बाळापूरपासून सेनगावपर्यंत ओळखी. आमंत्रण नाकारलं तर नवसाचा अपमान होतो, असं मी स्वतःला समजावलं. नवसाचा प्रसाद पथ्यात मोजायचा नसतो, हा नियमही मीच काढला. घरी सांगायचो, "जुन्या मित्राची तब्येत बघून येतो."

तीन महिन्यांनी एलडीएल आणखी वाढलेलं निघालं. डॉक्टर रेखाकडे वळले. "ताई, स्वयंपाकात तेल किती घालता? तुम्ही लक्षच दिलेलं दिसत नाही."

ती वही उघडून पानं चाळायला लागली. मी मात्र भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत बसलो.

त्या आठवड्यात तिनं फोडणीच बंद केली. एके दुपारी ताट वाढताना म्हणाली, "मामा, माझं काय चुकून राहिलं, सांगा ना. तुमाला काही झालं तर लोक मलाच बोलतील."

मी हातातला घास ताटात ठेवला. "तुझं न्हाई चुकलं, बाई. कंदुरीचं चुकलं."

"कोणती कंदुरी?"

"कोणती म्हणून सांगू? नऊ झाल्या."

ती बघतच राहिली. "नऊ? अन् मी जवसावर संशय घेऊन राहिले."

तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. पदरानं डोळे पुसून तिनं फोन माझ्यापुढे ठेवला. "डॉक्टरला सांगा. मला बोलले, तसं तुमाला बोलू द्या."

मी सांगितलं, प्रसादाच्या नियमासकट. डॉक्टरांनी विचारलं, "काका, हा प्रसादाचा नियम कोणत्या पुस्तकात आहे? ताईंना फोन द्या." त्यांनी तिची माफी मागितली. मी मात्र तोवर मागितली नव्हती. फोन ठेवल्यावर मागितली.

मग पुढचे तीन महिने खरे पाळले. एलडीएल उतरलं. जिना एका दमात चढून मी डॉक्टरांसमोर उभा राहिलो. गोळी चालूच आहे. अँजिओग्राफी तूर्त टळली.

गावात लोक म्हणतात, कंडक्टरनं जिभेवर ताबा मिळवला. ते खोटं आहे, म्हणून हे लिहितोय. ताबा रेखाचा होता, जीभ तेवढी माझी. तुमच्याही रिपोर्टात फरक पडत नसेल तर स्वयंपाक करणारीला बोलण्याआधी आपण कुठे कुठे जेवलो ते आठवा.

गेल्या गुरुवारी रशीदभाई टेलरकडे कंदुरी होती. माळकऱ्यांसाठी तिथे वेगळ्या चुलीवर वरण आणि वांग्याची भाजी करतात. मी त्या पंगतीत जाऊन बसलो. रशीदभाई वाढता वाढता थांबला.

"कंडक्टरसाब, माळ कवा घातली?"

"माळ न्हाई घातली, भाई. आज घरी सांगून आलो."

तो हसला, आणि माझ्या भाकरीवर आणखी एक पळी वरण ओतलं.