एकोणतिसाव्या रोजाचा चाँद

तिसगावात आमच्या घराच्या गच्चीवर दर महिन्याला एकदा आकाशदर्शन असतं. निवृत्त झाल्यावर मी एक दुर्बीण घेतली आणि गावातल्या हौशी मंडळींना वर बोलावू लागले. मेडिकलवाला येतो, ट्रॅक्टरचा मेकॅनिक येतो, दोन-चार शिक्षक येतात, आणि घरात करमत नाही असेही काही. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. समोर चार माणसं बसली की माझं तोंड बंद होत नाही. गुरूचे चंद्र दाखवायला घेतले आणि लोक जांभया देऊ लागले, तरी मी गुरूवरच असते.

या गच्चीवर एकच माणूस कधी यायचा नाही, मागच्या गल्लीतले शिंपीकाम करणारे चाचा. त्या गल्लीची ईद चाचांच्या डोळ्यांवर ठरायची. मोबाईलवर शहरातल्या बातम्या सगळ्यांना कळायच्या, तरी चाचांनी ‘दिसला’ म्हटल्याशिवाय गल्लीत कुणी कुणाला मुबारक म्हणत नसे. दुसऱ्या कुणी चाँद पाहिल्याचं सांगितलं की चाचा त्याची उलटतपासणी घेत. "कशाच्या वर? किती वर? शिंगं कुनीकडं?" अडखळला की त्याला घरी पाठवत. माझ्या दुर्बिणीला ते नळी म्हणायचे. "बाई, नळीतनं दिसलेला आमी धरत न्हाई," असं तोंडावर सांगायचे. मीही ऐकून घेणारी नव्हे. "चष्मा लागू द्या, मग याल माझ्या नळीकडे," असं चिडवायचे.

त्या वर्षी पाडवा आणि एकोणतिसावा रोजा एकाच दिवशी आले. त्या संध्याकाळी चाँद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही तर आणखी एक रोजा. आदल्या संध्याकाळी चाचा स्वतः जिना चढून वर आले. मला वाटलं, जिंकले मी!

"बाई, उद्या नळीतनं नुसती जागा दावा," ते म्हणाले. "मग मी माझ्या डोळ्यानं बघतो."

मी काहीतरी खोचक बोलणार, तेवढ्यात त्यांनी रस्त्यावरच्या खांबाकडे बोट केलं. "तिथं दिवा एकच हाय ना? मला तीन दिसत्यात."

मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन त्यांनी ईदच्या पुढं ढकललं होतं. "सुनंला तेवढं ठावं हाय, तीच सुईत दोरा ववून देती. बाकी कुनाला बोलू नका." मी वर्षभर त्यांच्या दुकानात ब्लाऊज टाकत होते. सून दोरा ओवताना कितीदा तरी पाहिलं होतं, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही. चाचा खाली गेले आणि मला घास गोड लागेना. उद्या ते खोटं बोलले तर सगळी गल्ली त्यांच्या भरवशावर रोजे संपवणार होती. खरं बोलले तर आयुष्यभर जपलेला मान एका संध्याकाळी जाणार होता.

पाडव्याला गुढी उतरवली, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी आत नेऊन ठेवली आणि दुर्बीण वर मांडली. पश्चिमेला धुरळा होता, विरळ ढगही होते. मंडळी जमली. चाचा आले, मागोमाग त्यांची सून खजुरांचं ताट घेऊन आली. कर्जतकडची मुलगी, बोलायला अगदी कमी. ती कठड्याच्या कोपऱ्यात उभी राहिली. खाली गल्लीत इफ्तार आटोपून माणसं माना वर करून थांबली होती.

चंद्र मला दुर्बिणीत सापडला. चाचांनी डोळा लावला, बराच वेळ लावला. मग मान काढून उघड्या डोळ्यांनी पश्चिमेकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी वाकले. "पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला, दोन हात वर. शिंगं वर." तीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि त्या दिवशी स्वतःच कॉपी पुरवली.

खालून कुणीतरी ओरडलं, "चाचा, दिसला का?"

चाचा कठड्यापाशी गेले. "बाई सांगत्यात, टाकीपाशी हाय," ते मोठ्यांदा म्हणाले. "पन मला न्हाई दिसला. डोळं गेल्यात माझं. आता माझ्यावर थांबू नका."

मला माझी इतकी लाज वाटली की मी उगाच दुर्बिणीचा स्क्रू फिरवत बसले.

"अब्बा, मला दिसतोय." सून बोलली होती. ती दुर्बिणीजवळ फिरकलीही नव्हती.

चाचा वळले. परक्याला विचारावं तसं त्यांनी तिला विचारलं, "कशाच्या वर?"

"टाकीच्या डाव्या अंगाला. दोन हात वर."

"शिंगं कुनीकडं?"

"वर."

"दोनी दिसत्यात?"

"न्हाई. उजवं आत्ताच ढगात गेलं."

मी दुर्बिणीतून पाहिलं. उजवं टोक खरोखरच ढगात होतं. मी मान हलवली, पण चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खाली वाकून म्हणाले, "सुनंनं बघितला. चाँद झाला!"

गल्लीत एकच गलका उठला. गच्चीवरची मंडळी खजूर तोंडात टाकत दुर्बिणीभोवती गोळा झाली. चाचा बाजूला जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. सून त्यांच्याजवळ गेली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "कसा हाय गं?"

मी तोंड उघडणार होते. चंद्राची कोर या विषयावर मी तासभर बोलू शकते. पण तिनं आधीच सांगितलं, "अब्बा, झबल्याचा गळा कापता ना तुमी? तसाच. फक्त दोऱ्याएवढा बारीक."

चाचांचा उजवा हात वर आला. दोन बोटांची कात्री झाली, आणि त्यांनी हवेत डावीकडून उजवीकडे एक गोल काप घेतला, अगदी सावकाश, कापड वाया जाऊ नये तसा.

"हां," ते म्हणाले. "आता दिसला."