आधी नंबर

"आधी नंबर." पायरीवरून हे दोन शब्द ऐकू आले की मी समजायचो, आजची दुपार वाया गेली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. काउंटरवर कुणाचीही बंदूक असो, हे गृहस्थ कोटाच्या एका खिशातून भिंग काढणार, दुसऱ्यातून धुतलेला हातरुमाल काढणार, रुमालात धरूनच बंदूक उचलणार आणि नळीला नाक लावणार. बंदुकीचा मालक शेजारीच उभा असायचा. त्याच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत.

भिंगारच्या बाजारात माझं बंदुका-काडतुसांचं दुकान होतं. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. या गृहस्थांना सगळे साहेब म्हणायचे. ते लष्कराच्या कुठल्याशा भांडारातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर सरकारी वस्तूंचे आकडे मांडूनही हौस फिटली नव्हती, म्हणून त्यांनी जुन्या टू-टू रायफली जमवायला घेतल्या. टू-टू म्हणजे बारीक नळीची हलकी रायफल. तिच्या काडतुसाच्या काठावर ठोका बसला की गोळी सुटते. सशाला, होल्याला पुरते. तेव्हा एका परवान्यावर चार-पाच बंदुका सहज ठेवता यायच्या. साहेबांच्या कपाटात तेवढ्या होत्या आणि त्यांतली एकही त्यांनी कधी उडवली नव्हती.

"गोळी गेली की नळी झिजते," ते म्हणायचे. कपाटाला हात लावायची बायकोलाही बंदी होती. "बोटाचा घाम म्हणजे पोलादाला विष." त्या बाईंची मला कीव यायची. घरात पाच बंदुका असून त्यांच्या अंगणातल्या डाळिंबावर पोपट खुशाल ताव मारायचे.

तुम्ही म्हणाल, असतो एकेकाला छंद. असू द्या की. पण छंदिष्ट माणूस कधी एकटा नसतो. साहेबांना संगमनेरचा एक वकील जोडीला मिळाला होता. तोही तसलाच. महिन्यातल्या एखाद्या रविवारी तो एसटीने यायचा आणि दोघं माझ्या दुकानात ठाण मांडायचे. एकदा एका स्क्रूवरून त्यांचं दुपारभर भांडण चाललं होतं.

"हा स्क्रू मूळचा नाही. मागाहून बसवलाय," वकील म्हणाला.

"वकील, तुमचं डोकं मागाहून बसवलंय," साहेब म्हणाले.

चहा माझा, खुर्च्या माझ्या आणि गिऱ्हाईक बाहेर उन्हात ताटकळत उभं. दीडशहाण्यांची एवढी मोठी परिषद जिल्ह्यात दुसरीकडे भरत नसावी.

एका दुष्काळाच्या साली पाथर्डीकडचा रंभाजी माझ्याकडे त्याची टू-टू घेऊन आला. बंदूक त्याच्या बापाची. छावणीतला कुणी गोरा साहेब जाताना देऊन गेलेला. रंभाजीची पोरं, सुना सगळी ऊसतोडीला गेली होती. घरी तो, त्याची म्हातारी बायको आणि शेरडं. आणि डोंगरातला लांडगा रोज खाली उतरत होता.

"हिच्यानं लांडगा मरत न्हाई शेठ," रंभाजी म्हणाला, "पन आवाजाला लई भितो. घोडा अडकाया लागलाय, तेवढा नीट करून द्या."

साहेब बसलेलेच होते. "आधी नंबर," म्हणत त्यांनी बंदूक रुमालात उचलली. भिंग लावलं. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं माणसाला लॉटरीच लागली.

"परवान्यावर हा आकडा लिहिलाय ना? हा नंबर नाहीच. पेटंटचा आकडा आहे. हाच आकडा वकिलाच्या बंदुकीवरही आहे, अशा हजारोंवर असेल. ही त्याही आधीची. कारखान्यात नंबर घालायला सुरुवात होण्यापूर्वीची! बोल्टची मूठ बघा. टोकाची नेमाची माशी बघा. या नळीला कुणी अजून नंबराचा पंच लावलेला नाही!" मग प्रथमच त्यांनी रंभाजीकडे पाहिलं. "विकतोस?"

"इकायची न्हाई," रंभाजी म्हणाला. घोडा दुरुस्त झाला आणि तो गेला.

गोष्ट तिथेच संपली असती. पण पुढे निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुकांची तपासणी निघाली आणि कचेरीने चमत्कारिक बंदुका ओळखायला कुणाला बोलवावं? आमच्या साहेबांना. इस्त्रीचा कोट घालून ते गेले. रंभाजीची बंदूक समोर आली तशी त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "या शस्त्रावर नंबर नाही." नंबर नसलेली बंदूक बाळगणं कायद्याने गुन्हा. बंदूक मालखान्यात गेली आणि रंभाजी रिकाम्या हाताने पाथर्डीच्या एसटीत बसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना दुकानातच धरलं.

"गप्प बसता आलं नाही तुम्हाला?"

"आहे ते सांगितलं. खोटं कसं सांगू?"

"मग आता निस्तरा."

निस्तरणं अवघड नव्हतं. कचेरीतले अधिकारी भले होते. म्हणाले, दुकानात नळीवर नवा नंबर ठोकून घ्या, परवान्यात दुरुस्ती करू, बंदूक घेऊन जा. पाच मिनिटांचं काम. पण साहेबांनी काय करावं? त्यांनी अर्ज केला की ही नळी दुर्मिळ आहे, तिच्यावर पंच मारणं हा अनर्थ आहे, निर्णय होईपर्यंत कुणी हात लावू नये. सरकारी कचेरीत अर्ज पडला की सगळं जागच्या जागी थिजतं. बंदूक मालखान्यात, लांडगा डोंगरात आणि मध्ये शेरडं. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण दुसऱ्याच्या जिवावर उठून सोलणारा हा पहिलाच.

एके सकाळी ते दुकानात आले आणि म्हणाले, "मला त्या रंभाजीकडे न्या. माझी एक नंबरवाली त्याला देतो, त्याने ती मला देऊन टाकावी." मला वाटलं, निदान म्हाताऱ्याची सोय तरी होईल. म्हणून गेलो. एसटी, मग जीप, मग उन्हातून पायी. वाटभर ते बोल्टच्या मुठीबद्दल बोलत होते.

रंभाजीच्या दारात पोचलो तेव्हा शेरडांचं वाडगं उघडं पडलं होतं. म्हातारी उंबऱ्याशी बसली होती. रंभाजी म्हणाला, "परवा आला शेठ. डबा बडवला, आरडलो. थांबला न्हाई. चार न्हेली, दोन फाडून टाकली. आता दोनच ऱ्हायलीत."

मला तोंड वर करवेना. अशा वेळी माणूस काहीतरी धीराचं बोलतो. साहेबांना ते कधी जमलंच नसावं. ते म्हातारीसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि विचारलं, "कशी होती शेरडं? म्हणजे... ओळखायची कशी?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण म्हातारीने मान वर केली.

"एक चांदी हुती," ती म्हणाली. "कपाळाव पांढरं."

"शिंगं?"

"एक मोडकं. डावं."

"कान?"

"लांब. एका कानाला चीर हुती, काट्यात फाटल्याली."

"आणि दुसरी?"

ती सांगत गेली. कुणाच्या पायात पांढरं, कुणाची शेपटी आखूड, कुणी हाक मारल्याशिवाय पाणी पीत नसे. सांगता सांगता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि साहेब उन्हात उभे राहून एकेक खूण विचारत होते. आयुष्यात मी त्यांना दुसऱ्याचं ऐकून घेताना पाहिलं ते तेवढंच. गावातून तिला भेटून गेलेल्यांनी नुकसान किती झालं ते विचारलं होतं. शेरडं कशी होती, हे कुणी विचारलं नव्हतं.

बंदुकींच्या अदलाबदलीची गोष्ट त्यांनी काढलीच नाही. परतीच्या वाटेवर बोल्टच्या मुठीचा विषयही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज मागे घेतला आणि कचेरीच्या माणसाबरोबर बंदूक घेऊन माझ्या दुकानात आले. "पंच काढा," म्हणाले. नळी त्यांनी स्वतः धरली. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला ते डोळे मिटून घेत होते. काम झाल्यावर त्यांनी भिंग लावलं.

"तीन वाकडा आलाय," ते म्हणाले. भिंग न पुसताच खिशात घातलं. तीन वाकडा आला होता हे खरं.

त्यानंतर मला ते आवडू लागले असं समजू नका. रविवारी वकील यायचा, चहा माझाच, स्क्रू तसाच. फक्त रंभाजी काडतुसं न्यायला आला की साहेब त्याची बंदूक मागून घ्यायचे. रुमाल खिशातच राहायचा. उघड्या अंगठ्याने तो नवा नंबर झाकायचे आणि बंदूक दूर धरून बराच वेळ तिच्याकडे पाहायचे. मग परत द्यायचे.

साहेब हिवाळ्यात गेले. तेराव्याच्या आतच वकील भिंग घेऊन त्यांच्या कपाटापाशी हजर होता.

पुढे रंभाजी आला. काउंटरवर बंदूक ठेवून त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "ते अंगठावालं सायब दिसत न्हाईत?"

मी सांगितलं.

"लई तरास दिला त्यांनी," तो म्हणाला. "पन म्हातारी अजून त्यांचं नाव काढती."

बंदुकीला तेल लावून द्यावं म्हणून मी ती उचलली. सगळी नळी स्वच्छ होती, फक्त नंबरावर अंगठ्याएवढा गंज चढला होता. मी पॉलिशपेपर घेतला आणि परत ठेवून दिला. असा डाग दुसऱ्या कुणी पाडला असता तर साहेबांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.