शालनचा पावडरचा डबा

जेवण झाल्यावर बजरंग मिस्त्री ट्रकशेजारी पोतं अंथरून आडवा होतो. इंजिन मुद्दाम चालूच ठेवलंय. इंजिनाच्या तळाला असलेल्या चेंबरच्या कोपऱ्यातून ऑइलचा थेंब खालच्या ट्रेमध्ये पडतोय, आणि तो कुठून येतोय हे चार दिवस झाले तरी उंब्रजच्या या नावाजलेल्या मिस्त्रीला उमगत नाहीये. चेंबरचे बोल्ट तीनदा आवळले, पॅकिंग नवं टाकलं. थेंब आपला पडतोच आहे. धडधड ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांवर झापड येते.

थेंब आता मोरीत पडतोय. मोरीच्या कट्ट्यावर शालन बसली आहे, पाय घमेल्यातल्या पाण्यात सोडून. इंजिन चुलीवर ठेवलंय, त्याचं त्याला काही नवल वाटत नाही. बायको जाऊन अकरा महिने झाले हे मात्र इथंही त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो हळू बोलतो. आवाज चढला तर ती उठून जाईल.

"घावंना व्हय?" ती विचारते.

"न्हाई गं. चेंबर तीनदा आवळला."

"खालीच बघत बसलाय. दुसऱ्या मिस्त्र्यास्नी तुम्हीच काय सांगायचा? त्याल दिसतंय खाली, पर येतंय वरनं. इंजिन पुसा, पावडर मारा."

"पावडर न्हाई."

"हाय की. पान्यांच्या पेटीत."

या पावडरीवरून दोघांचं आयुष्यभर वाजलं. पुसलेल्या इंजिनावर पावडर मारली की ऑइलची रेघ उठून दिसते, आणि त्यासाठी मिस्त्री दर महिन्याला शालनचा डबा पळवायचा. माझ्यापेक्षा तुमचं ट्रकच गोरं दिसत्यात, म्हणून ती करवादायची. शेवटचा डबा अर्धा राहिला. त्याच्या झाकणाला त्यानं चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

"त्यो तुझा वास हाय," तो म्हणतो. "संपला की संपला."

मोरीची भिंत लांबत जाते, तिचा दवाखान्याचा व्हरांडा होतो. शालन बाकड्यावर आहे आणि तो खाली बसून तिच्या सुजलेल्या पायांना कोमट तेल चोळतोय. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. आतून कुणीतरी सांगतं, सूज पायाची नाही, हृदयाची आहे, फार उशीर केलात. तो चोळतच राहतो.

"दोन म्हैनं पायच चोळत बसलो गं मी," तो म्हणतो, आणि त्याला रडू कोसळतं. "वर बघितलंच न्हाई. दुसऱ्या कुणाचं सोड, मला तरी कळाया पायजे हुतं."

"पायजे हुतं," शालन म्हणते. जरा वेळ ती त्याच्या डोक्याकडं बघत राहते. "मलाबी पायजे हुतं. पर तुम्ही चोळायचा तवा बरं वाटायचं."

मग ती उठते. पाय पहिल्यासारखे बारीक झालेत, जोडवी सैल झालीत. व्हरांड्याच्या टोकाला ट्रक उभा आहे. ती इंजिन पुसून घेते, पेटी उघडते, डब्याची चिकटपट्टी नखानं सोडवते.

"समदा संपवू नगं," तो म्हणतो.

"ऱ्हाऊन काय करायचाय? व्हा बाजूला."

बजरंगला जाग येते तेव्हा तो इंजिनासमोर उभा आहे. ऊन पोत्यावर आलंय. पायाशी डबा आडवा पडलाय, उघडा आणि रिकामा. सगळं इंजिन पांढरंशुभ्र झालंय, आणि वर, इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, एक काळी रेघ निघून सरळ खाली चेंबरपर्यंत आली आहे. वरचं पॅकिंग फाटलंय. अर्ध्या तासाचं काम.

तो चावी फिरवून इंजिन बंद करतो. गरम लोखंडावरून तिचा वास गॅरेजभर पसरलाय. कव्हर खोलायचं तर आधी इंजिन पुसून घ्यायला हवं. तो फडकं हातात घेतो आणि तसाच उभा राहतो.